दर्याखोर्यांत हरवलेला र

‘‘पोरी, सह्याद्रीत समुद्र कधी शिरला गं?’’

आप्पांनी हे विचारलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि सहा वाजता लोअर परळच्या प्रेसला प्लेटांसाठी फाइल पाठवायची होती. बाहेर जुलैचा पाऊस. मी चहा ओतत होते, म्हणून आधी लक्षच दिलं नाही. आप्पांना कोट्या करायची सवय आहे.

मी पुस्तकांची मांडणी करते. प्रभादेवीला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटा गाळा आहे, दोन संगणक, एक प्रिंटर आणि प्रुफांचे ढीग. हातातलं पुस्तक किल्ल्यांचं होतं, द्विभाषिक. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी, शिवाय नकाशे, चढाईच्या वेळांचे तक्ते आणि वाटेत दिसणाऱ्या झाडाफुलांच्या टिपा. प्रकाशकांची अट एकच: ‘‘ताई, टाइप एकच वापरा. मथळ्याला एक, मजकुराला दुसरा, नकाशावर तिसरा असली खिचडी नको.’’

बोलायला सोपं आहे. लॅटिनमध्ये सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना फुटलेली छोटी पावलं. देवनागरीला ती पावलं नाहीत, शिरोरेषा आहे. दोघांचं घराणं एक दिसायला हवं असेल तर ते रेषेच्या जाडबारीकपणातून आणि टोकांच्या कापातून साधावं लागतं. आपल्याकडे तो काप बोरूचा. दोन लिप्या दोन ठिकाणाहून उचलून शेजारी बसवल्या की इंग्रजी ढांगा टाकत चाललंय आणि मराठी दप्तर सांभाळत मागून येतंय असं पान दिसतं. मग इंग्रजी अर्धा पॉइंट लहान करा, मराठी पाव पॉइंट वाढवा, असा खेळ सुरू होतो.

मी आधी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट लावून पाहिला. जॉन हडसन आणि फियोना रॉस यांचं काम, फार देखणं. हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी त्याचे वेगवेगळे फॉन्ट आहेत, त्यामुळे पाकळीचा ल आणि देठाचा श मिळवायला झटापट करावी लागत नाही. पण त्याला बोल्ड नाही. नुसता रेग्युलर आणि इटालिक. प्रकरणांची नावं, किल्ल्यांची नावं आणि ‘धोक्याची वाट’ असे इशारे ठळक कशात करणार?

मग वैभव सिंग यांचा एक्झार हा फॉन्ट घेतला. रेग्युलर ते एक्स्ट्रा बोल्ड अशी पाच वेट्स, म्हणजे जाडीच्या पाच पायऱ्या, लॅटिन आणि देवनागरी एकाच हातातून उतरलेली. त्याची गंमत अशी की रेग्युलरमध्ये तो शहाण्या मुलासारखा वागतो, साडेनऊ पॉइंटला पानभर वाचलं तरी डोळ्यात खुपत नाही. वजन वाढत जातं तसा त्याचा स्वभाव बाहेर येतो. एक्स्ट्रा बोल्ड बेचाळीस पॉइंटला लावला तेव्हा ‘हरिश्चंद्रगड’ हा शब्द पानावर कड्यासारखा उभा राहिला. नकाशावर सात पॉइंटलाही ‘कळसूबाई १६४६ मी.’ भरून न जाता वाचता आलं. हलक्या कागदावर शाई पसरते आणि लहान टाइपात ध, घ, भ यांची पोटं बुजतात, तसं इथे झालं नाही. मी अष्टपैलू म्हणते ते याला. नुसती वेट्स काय, कोणीही मोजून दाखवतो.

त्याला इटालिक मात्र नाही. मराठीत त्यावाचून अडत नाही, पण वनस्पतींची शास्त्रीय नावं इंग्रजीत तिरकीच लागतात. तेवढ्यापुरता टिरोचा इटालिक पाहुणा म्हणून आणला. प्रकाशकांना अजून कळलेलं नाही. इथे वाचलं तर कळेल.

तर, आप्पा. गिरगावात वाढले, खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवत उमेदीची वर्षं काढली, खिळे गेल्यावर मुद्रितशोधक झाले. आता वय ऐंशीच्या पुढे, तरी शेवटचं प्रूफ त्यांच्या भिंगाखालून गेल्याशिवाय मी सोडत नाही. जुन्या टाइपाचा विषय निघाला की ते हमखास निर्णयसागरवर येतात. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेला हा छापखाना, आणि त्यासाठी पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ ठसे, कापणारे राणोजी रावजी आरू. आरूंचं नाव घेताना आप्पांचा हात आपोआप कानाच्या पाळीला जातो, गवयांचा जातो तसा.

त्यांनी प्रूफ माझ्यापुढे सरकवलं. लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं: ‘सह्याद्रीच्या दर्याखोर्यांत’.

मला घाम फुटला. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. फरक एका अर्ध्या र चा. तो य च्या डोक्यावर रफार होऊन चढला तर दर्या, शिरोरेषेखाली आडवा होऊन खांद्याला टेकला तर दऱ्या. पुढच्या पानावर ‘पायर्या’, त्याच्या पुढे ‘वार्याचा जोर’ आणि तळाशी ‘आचार्यांना आधी कळवावे’. मुक्कामाच्या गावात जेवणाची सोय करणाऱ्या आचाऱ्यांना आधी कळवायचं होतं. आम्ही कळवत होतो शंकराचार्यांच्या गोत्रातल्या कोणालातरी.

‘‘तुझा हा नवा टाइपच खोटा आहे,’’ आप्पांनी निकाल दिला.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. नवीन पानावर ‘दऱ्या’ टाइप केलं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर J दाबलं की र येतो, शिफ्ट धरून J दाबलं की ऱ. पुढे हलन्त, पुढे य. अक्षर नीट उमटलं, साडेनऊलाही आणि बेचाळीसलाही. फॉन्ट निर्दोष होता. मग प्रकरणं चाळली. पहिली सात शुद्ध. आठव्यापासून अकराव्यापर्यंत चुकीचं. बाराव्यात पुन्हा ठीक. हे फॉन्टचं लक्षण नव्हेच. फॉन्ट प्रकरण बघून वागत नाही.

लेखक दोन होते. एकाने ऱ वापरून टाइप केलं होतं. दुसरे जुन्या वळणाचे, ते साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं अक्षर घालायचे. झिरो विड्थ जॉइनर. त्याला रुंदी नाही, आकार नाही. तो मध्ये असला की र ला कळतं की वर चढायचं नाही, आडवं राहायचं. दोन्ही पद्धती चालतात, कागदावर फरक दिसत नाही.

आणि मजकूर पानांत ओतण्याआधी मी तो साफ केला होता. इकडून तिकडून चिकटवलेल्या मजकुरात अदृश्य कचरा फार येतो. तो काढायला मी संगणकासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती आणि वर्षभर तिचं कौतुक सांगत होते. तिने शून्य रुंदीचं जे जे दिसलं ते सगळं झाडून टाकलं. जॉइनरसुद्धा.

दोन प्रुफं दोन्ही लेखकांनी वाचली होती. त्यांना दिसलं नाही, कारण लेखक आपलं लिखाण वाचत नाही, आठवतो. मलाही दिसलं नाही, आणि याला काही सबब नाही. ‘वार्यावर’ आणि ‘खोर्यात’ मोबाइलवर रोज इतकं बघते की डोळे निबर झालेत.

आप्पांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आमच्या खिळ्यांच्या केसमध्ये त्या र ला स्वतःचं घर होतं. घर रिकामं असलं तर हात रिकामा परत यायचा. न दिसणारा खिळा? तो तुम्ही जुळवता तरी कसा?’’

मूळ मजकूर पुन्हा ओतणं शक्य नव्हतं. दोन प्रुफांच्या दुरुस्त्या थेट पानांत झाल्या होत्या. एका झटक्यात सगळीकडे बदलावं, तर सूर्य, कार्य, धैर्य, आश्चर्य सगळेच आडवे पडले असते. त्यातून दहावं प्रकरण सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गचं. तिथे दर्या हा खरोखरचा दर्या होता आणि दर्यावर्दी दर्यावर्दीच राहायला हवे होते.

प्रेसला फोन केला. ‘‘मॅडम, मशीन उद्या सकाळी आठला लागणार. रात्री बारापर्यंत फाइल द्या, प्लेटा काढतो.’’

मग आम्ही बसलो. चार प्रकरणांतला प्रत्येक ‘र्य’ आणि ‘र्ह’ मी शोधायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. आप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि ‘‘आडवा’’ किंवा ‘‘वर’’ एवढंच म्हणायचे. कऱ्हाड, आडवा. पर्यटक, वर. कुऱ्हाड, आडवा. मर्यादा, वर. साडेसातला वडापाव आला. नवाच्या सुमारास आप्पांचा आवाज बसला, मग ते नुसतं बोट दाखवू लागले, आडवं किंवा उभं. मध्येच एकदा भिंगातून नकाशातलं सात पॉइंटचं ‘खोऱ्यातील वाट’ निरखून म्हणाले, ‘‘एवढ्या लहानातही जागा ठेवलीय हो त्याला. अक्षर करणारा माणूस नीट आहे.’’ निर्णयसागरच्या बाहेर त्यांनी कोणाला इतकं दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

साडेअकराला फाइल गेली. आप्पांना टॅक्सीत बसवून दिलं.

पुस्तक तीन आठवड्यांनी हातात आलं. पहिली प्रत घेऊन गिरगावात गेले. आप्पांनी कव्हर पाहिलं नाही, थेट दहावं प्रकरण काढलं आणि पाच मिनिटांत लाल पेन्सिल मागितली. वाक्य होतं: ‘कोळ्यांना दऱ्याची भीती वाटत नाही.’

‘‘हे मी ‘वर’ म्हटलं होतं.’’

‘‘तेव्हा तुम्ही बोट दाखवत होतात, आप्पा.’’

त्यांनी बोट वर केलं, त्याच्याकडे पाहिलं. सांध्यांच्या दुखण्याने ते जरा वाकलंय. उभं म्हणावं तर उभं, आडवं म्हणावं तर आडवं.

‘‘राहू दे,’’ म्हणाले, ‘‘कोळी दऱ्यांनाही भीत नाहीत.’’