बारा वर्षं मुरलेलं आंबट

व्हिनेगर म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती चायनीजच्या गाडीवरची, हिरव्या मिरच्या पोहणारी बाटली. बाल्सामिक त्याच कुळातलं, पण गडद, काकवीसारखं, आंबटाआधी गोड लागणारं. ‘बाल्सामिको’ म्हणजे मलमासारखं, आराम देणारं; एके काळी ते औषध म्हणूनच घेत.

अस्सल ‘त्रादिझिओनाले’, म्हणजे पारंपरिक पद्धतीचं बाल्सामिक, इटलीतल्या मोदेना आणि रेज्जो एमिलियाचं. गुऱ्हाळात उसाचा आटवतात तसा द्राक्षांचा रस उघड्या भांड्यात आटवायचा, मग तो माळ्यावरच्या, लहान लहान होत गेलेल्या पिंपांत मुरवायचा. पिंपं ओकची, चेरीची, तुतीची. उन्हाळ्यात माळा तापून पाणी उडतं, थंडीत रस निवतो. दरवर्षी सर्वांत छोट्या पिंपातून थोडं काढायचं, तूट शेजारच्या मोठ्यातून भरायची. नवा रस फक्त सर्वांत मोठ्यात. असं किमान 12 वर्षं. ‘एक्स्ट्राव्हेक्किओ’, म्हणजे ‘जास्त जुनं’, म्हणवायचं तर 25. आपण वर्षभर मुरलेल्या लोणच्याचं कौतुक करतो! हे 100 मिलीच्या बाटलीत मिळतं आणि पार्मेजानो चीजच्या तुकड्यावर, स्ट्रॉबेरीवर थेंबाथेंबानेच घालायचं. आचेवर ठेवलंत तर इतक्या वर्षांचा सुगंध वाफेबरोबर गेला.

दुकानात बहुतेकदा दिसतं ते ‘आयजीपी’ (संरक्षित भौगोलिक ओळख) शिक्क्याचं. त्यात वाइन व्हिनेगर मिसळलेलं असतं, मुरवण्याची किमान अट 60 दिवसांची. घटकांत द्राक्षरस आधी आणि व्हिनेगर नंतर लिहिलेलं असेल तर ते जास्त गोड निघतं. सॅलडला तीन चमचे ऑलिव्ह तेलाला हे एक चमचा पुरे. मीठ आधी व्हिनेगरमध्ये विरघळवा; तेलात ते विरघळत नाही, तळाशी खडे राहतात. आणि पानांवर अगदी वाढताना घाला, नाहीतर ती मलूल होतात.

स्वस्त बाटलीचा खरा उपयोग आटवण्यात. एक वाटी व्हिनेगर रुंद पातेल्यात मंद आचेवर पाव ते तृतीयांश वाटी होईपर्यंत ठेवा, साधारण पंधरा मिनिटं. खिडकी उघडी हवी. वाफेने डोळे चुरचुरतात. चमच्याच्या पाठीला पातळ थर चिकटला की गॅस बंद. इथेच घोटाळा होतो. पातेल्यात ते पातळच वाटतं, म्हणून माणूस आणखी दोन मिनिटं थांबतो. निवल्यावर मग चिक्कीच्या पाकासारखं ताठ होतं. झालंच तर चमचाभर गरम पाणी घालून हलवा. करपलं असेल तर मात्र कडूपणा जात नाही, ओतून टाका.