रांगण्याला जाताना पाटगाव ओलांडून जाऊ नका

कोल्हापुरातून रांगण्याला जाणाऱ्या बहुतेक गाड्या पाटगावात चहापुरत्या थांबतात. पहाटे निघायचं, गड धावतपळत करायचा आणि रात्री जेवायला घरी. असं जमतं, नाही असं नाही. पण त्यात पाटगाव बघायचं राहून जातं, आणि माझ्या मते या भागात यायचं अर्धं कारण हे गावच आहे. दिवाळीनंतर आम्ही मित्रमंडळी मुक्कामाला गेलो होतो. तुम्ही जाणार असाल तर उपयोगी पडेल ते इथं लिहितो.

रस्ता सोपा आहे. कळंब्यावरून इस्पुर्ली, बिद्री, मुदाळतिट्टा आणि गारगोटी. इथपर्यंत साधारण ५० किलोमीटर. पुढं कडगावमार्गे पाटगाव, आणखी ३० च्या वर. कडगाव सुटलं की ऊस मागं पडतो, भाताची खाचरं येतात आणि डोंगर दोन्ही अंगांनी जवळ सरकायला लागतो. निघायच्या आधी कॅलेंडर मात्र बघा. मुदाळतिट्ट्याला लागूनच बाळूमामांचं आदमापूर आहे. अमावस्येला तिथं अख्खा महाराष्ट्र आणि निम्मा कर्नाटक लोटतो, आणि तिट्ट्यावर गाडी हलत नाही. दर्शन घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर अमावस्या आणि तिच्या आगेमागे जोडून आलेला रविवार टाळा.

पेट्रोल, एटीएम, औषधं, किराणा सगळं गारगोटीतच उरका. पुढं मिळेल या भरवशावर राहू नका. रेंजसुद्धा हळूहळू पातळ होत जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. गारगोटीत पाय मोकळे करणार असाल तर हुतात्मा स्तंभापाशी थांबा. डिसेंबर १९४२ मध्ये इथल्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला, त्यात सात जण गेले. कोल्हापूरच्या शाळांत हे सात हुतात्मे शिकवतात, पण जागा पाहिलेले कमीच. जे. पी. नाईकांनी उभी केलेली मौनी विद्यापीठ ही संस्थाही याच गावात. तिला ज्यांचं नाव दिलं ते मौनी महाराज पाटगावचे.

पाटगावात आधी मठात जा. मौनी महाराजांची समाधी तिथं आहे. दक्षिण दिग्विजयाला निघण्याआधी, म्हणजे १६७६ मध्ये, शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते असं मानतात. मठाचा परिसर शांत आणि स्वच्छ आहे, गर्दीच्या देवस्थानासारखी ओढाताण नाही. चपला काढून गार फरशीवर घटकाभर बसा. इथं उगाच फोटोंचा धडाका लावू नये, एवढंच म्हणतो. गावातलं भद्रकालीचं देऊळही चालत जाऊन होण्यासारखं आहे. संध्याकाळी धरणाच्या बाजूला फिरून या. वेदगंगा याच डोंगरांत उगम पावते आणि इथं तिला अडवून मौनीसागर जलाशय केलाय. पाणी दिसतं तेवढं शांत नसतं. काठ खोल आणि निसरडे आहेत, पोहायचं डोक्यातून काढून टाका.

आता मधाबद्दल. महाबळेश्वरजवळचं मांघर हे राज्यातलं पहिलं मधाचं गाव, आणि त्यानंतरचं पाटगाव. खादी ग्रामोद्योग मंडळाची ही योजना. आम्हाला वाटलेलं, चार पाट्या आणि एक दुकान असेल. पण घरांच्या मागं, परड्यात, झाडांच्या सावलीत खरोखरच पेट्या मांडलेल्या दिसतात. ज्यांच्याकडं आम्ही उतरलो होतो त्या मामांनी एक उघडून दाखवली. चेहऱ्यावर जाळी वगैरे काही नाही. वरचं झाकण काढलं, धुराची एक फुंकर दिली आणि चौकट दोन बोटांनी अलगद उचलली. तिच्यावर माश्यांचा थर इतका दाट की खालचं पोळं दिसेना. आमच्यातल्या एकानं हात मागं घेतल्याबरोबर मामा म्हणाले, "हात झटकू नगासा. हुबं ऱ्हावा गप, काय करत न्हाईत त्या." ह्या सातेरी माश्या. अंगानं लहान, अंधाऱ्या पोकळीत एकाला एक समांतर पोळी बांधतात, म्हणून पेटीत नांदतात. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं लावते, तिला पेटी चालत नाही.

पेटीचे दोन कप्पे असतात. खालचा पिलांचा, त्याला हात लावायचा नाही. वरच्या कप्प्यातल्या चौकटींवरची मेणाची झाकणं सुरीनं तासायची, चौकटी पत्र्याच्या पिंपात उभ्या करायच्या आणि दांडा फिरवायचा. मध बाहेर फेकला जातो आणि पोळं शाबूत राहतं, ते परत पेटीत. पोळं पिळून काढलेल्या मधात पिलं, मेण, सगळंच उतरतं. फरक चवीला लगेच कळतो. जांभूळ फुलतो तो उन्हाळ्याच्या तोंडाला, त्याच्या मागं हिरडा, तेव्हा खरा हंगाम. आम्ही गेलो तेव्हा पेट्यांत काढण्यासारखं काही नव्हतं, साठवलेला मध मिळाला. जांभळाचा मध काळपट असतो आणि शेवटाला किंचित कडवट लागतो. तो दुकानातल्या बाटलीपेक्षा महाग पडेल, घासाघीस करत बसू नका. थंडीत बाटलीच्या तळाशी साखरेसारखे कण धरले म्हणून भेसळ आहे असंही नाही. मध गोठतोच, बाटली कोमट पाण्यात ठेवा.

जेवण-राहण्याची सोय घरगुतीच. आधी फोन करून सांगितलं तरच चूल पेटते, ऐनवेळी दारात जाऊन आठ जणांचं जेवण मागू नये. आम्हाला नाचणीची भाकरी, खर्डा, आमटी आणि भात मिळाला. तांबड्या-पांढऱ्याची फर्माईश इथं करू नका, तो नाद कोल्हापुरात आहेच. एसटीनं येणाऱ्यांना गारगोटी आगारातून गाड्या आहेत, पण मोजक्या. परतीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा.

रांगण्यासाठी उजाडताना निघा. पाटगावातून तांब्याची वाडी, भटवाडी, पुढं जंगलातून चिक्केवाडी आणि मग गड. भटवाडीच्या पुढचा रस्ता कच्चा आहे. दगड, चाकोऱ्या, मध्ये ओढे. जीप जाते, आपली हॅचबॅक भटवाडीत ठेवलेली बरी. चालत गेलात तर वेळ जास्त धरा, पण ती वाट गच्च सावलीची आहे आणि मला तरी गाडीत आदळत जाण्यापेक्षा तीच आवडली. वाटेवर ताजं शेण आणि खुरांचे ठसे दिसले तर गवे जवळपास आहेत असं समजा. मोठ्यानं ओरडू नका, आडवे जाऊ नका, कळपाला वाट द्या. म्हणूनच अंधार पडायच्या आत परत गावात यायचं, हा नियम मोडू नका. पाणी प्रत्येकी तीन लिटर घ्या. वाटेत दुकान नाही.

किल्ल्याची जागा बघितली की त्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. मुख्य डोंगरापासून जवळजवळ तुटलेला, एका अरुंद खिंडीनं जोडलेला, आणि पलीकडं थेट कोकण. शिलाहार राजा दुसरा भोज यानं बांधलेल्या गडांत याचं नाव घेतात. बहामनी वजीर महमूद गवान यानं १४७० च्या सुमाराला हा गड घेतला तेव्हा त्याचीही दमछाक झाली होती. पुढं १६६७ मध्ये आदिलशाहीतर्फे बहलोलखान आणि व्यंकोजीराजांनी वेढा घातला, तो मोडायला शिवाजी महाराज स्वतः आले. म्हणजे एका भावाच्या वेढ्यातून दुसऱ्या भावानं गड सोडवला. गडाचं दुसरं नाव प्रसिद्धगड, पण ते आता कागदावरच उरलंय.

दरवाजे ओलांडून आत गेलं की पडका वाडा, तळं आणि झाडीतली पायवाट रांगणाईच्या देवळापर्यंत नेते. देवळात थोडा वेळ टेका. बरेच जण इथूनच मागं फिरतात, तुम्ही फिरू नका. कोकण दरवाजा आणि त्याच्या पुढची हत्तीसोंड माची बघितल्याशिवाय गड झाला असं म्हणू नये. माचीच्या टोकावरून कडा सरळ खाली तुटतो आणि कुडाळ तालुक्यातली गावं हिरव्यात बुडालेली दिसतात. हवा स्वच्छ असेल तर मनोहर-मनसंतोषगडाची जोडी ओळखू येते. कोकणातून नारूरहून चढून येणारी वाटही आहे, पण ती उभी आणि माहितगाराशिवाय करण्यासारखी नाही.

पावसाळ्याबद्दल लोक हमखास विचारतात. जून ते सप्टेंबर जंगल भारी दिसतं, धबधबे सुटलेले असतात, पण ओढे तासाभरात चढतात आणि गेलेल्या वाटेनं परत येता येईलच असं नसतं. जळवा तर विचारू नका, मिठाची पुरचुंडी आणि तंबाखूची पूड दोन्ही जवळ ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावा. मध बघायचा असेल तर एप्रिल, मग गडावर ऊन सोसायची तयारी पाहिजे.

परतताना वेळ उरला तर गारगोटीहून पुष्पनगरमार्गे भुदरगड करा. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळं सोबत म्हातारी माणसं असतील तर रांगण्याऐवजी हाच. वर भैरवनाथाचं देऊळ आणि मोठं तळं आहे. तळ्याचं पाणी गढूळ तांबूस, पण विस्तार बघून माणूस थबकतो. तटबंदी फारशी उरलेली नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात सामानगडाबरोबर भुदरगडही उठला होता, आणि बंड मोडल्यावर इंग्रजांनी तट पाडले. उन्हं उतरताना गेलात तर तळ्याच्या काठानं एक फेरी पुरते. वर खायला मिळेल यावर विसंबू नका, वडापाव गारगोटीतच बांधून घ्या.