पावसाळ्यातले सावरडो

फोंडा, आषाढ संपत आला

पाऊस धरून आहे, तरी स्वयंपाकघरातला पारा २८ अंशांखाली उतरत नाही आणि बरणीतले सावरडोचे (बाजारचे यीस्ट न घालता फुगवलेल्या आंबट पावाचे) विरजण, म्हणजे पीठ-पाण्याचे आंबवलेले मिश्रण, घाईला आले आहे. सावरडोच्या बहुतेक कृती थंड मुलुखांत लिहिलेल्या असल्यामुळे त्यांत विरजण, पीठ आणि पाणी समभाग घेऊन बारा तासांनी पुन्हा खाद्य द्यायला सांगितलेले असते. आमच्याकडे त्या प्रमाणाने घातलेले विरजण चार-पाच तासांत फुगते आणि पुढे नुसते आंबत राहते. आंबटपणा फार वाढला की ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, तुटते, मिश्रण ओघळू लागते आणि त्याच्या जोरावर पाव उचलला जात नाही. म्हणून संध्याकाळी मी १० ग्रॅम विरजणाला ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी देते. बियाणे थोडे असले की पीठ संपायला वेळ लागतो आणि रात्र निभावते.

पिठाचाही यात हात आहे. चक्कीवर दळताना गव्हाचा स्टार्च बराच फुटतो, त्यातून साखर लवकर सुटते, शिवाय कोंड्यासोबत यीस्ट आणि जिवाणूही येतात. विरजण सुरू करायला आट्यासारखे दुसरे काही नाही, पण रोजच्या खाद्यात मी निम्मा मैदा मिसळते.

शेजारची मुलगी आज तिची बरणी घेऊन आली. "काकी, परवा उतू जात होते, आज हलतसुद्धा नाही. मेले का हो?" मेले नव्हते. पहिल्या एक-दोन दिवसांतली ती उसळी बहुधा यीस्टची नसतेच. पिठातले इतर जिवाणू वायू सोडतात, आम्ल वाढल्यावर तेच मागे पडतात आणि आम्ल सोसणारे यीस्ट जोर धरेपर्यंत बरणी निपचित राहते. नेमक्या याच टप्प्यावर लोक ती मोरीत ओततात. रोज अर्धे काढून ताजे पीठ घालत राहा, असे तिला सांगितले. गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली, तर मात्र विचार न करता सगळे फेकायचे. काढलेल्या अर्ध्याचे आमच्याकडे तांदळाचे पीठ घालून घावन होतात, आणि खरे सांगायचे तर सासूबाईंना पावापेक्षा तेच आवडतात.

गोव्यात पीठ फुगवायला पूर्वी पोदेर, म्हणजे पाववाले, माडाची सूर (ताडी) वापरत. आता बहुतेक ठिकाणी बाजारचे यीस्टच चालते. सूर घालून केलेला पाव सावरडोइतका आंबट नसे, असे सासूबाई सांगतात.

पावसाळ्यात वीज गेली की फ्रिजमधल्या विरजणाचाही भरवसा उरत नाही, त्यामुळे थोडे वाळवून ठेवायला हवे. या दमट हवेत ते वाळण्याआधी बुरसेल, तेव्हा दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की बेकिंगच्या कागदावर पातळ पसरून पंख्याखाली वाळवीन आणि चुरा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरीन.