डावा कोपरा सांभाळणारे नाना

आमचे नानाकाका यंदा पावसाळ्याच्या तोंडावर गेले. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत आणि आसपासच्या गावांत ते ‘नेव्हीतले नाना’ म्हणून ओळखले जात. शोकसभेत त्यांच्या शिस्तीबद्दल पुष्कळ बोलले गेले आणि ते खरेही होते. परंतु ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही अशा माणसावर त्यांचा जो जीव होता, त्याविषयी मला लिहायचे आहे.

1971 च्या युद्धात नाना ‘विक्रांत’वर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे खलाशी होते. नौकेच्या एका बॉयलरला तडे गेल्यामुळे तिच्या वेगावर मर्यादा आली होती. विमानवाहू नौकेच्या बाबतीत ही साधी अडचण नव्हे, कारण डेकवरून झेप घेणाऱ्या विमानाला समोरून वारा लागतो आणि निसर्गाचा वारा पडलेला असेल तर तो नौकेच्या वेगातूनच मिळवावा लागतो. तरीही 4 डिसेंबरपासून ‘विक्रांत’वरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाव या बंदरांवर हल्ले चढवले. त्या दिवसांत नाना खाली, वाफेच्या आणि तेलाच्या उकाड्यात होते. त्यांनी एकही विमान उडताना पाहिले नाही, ही गोष्ट ते कुठलीही खंत न ठेवता सांगत.

पेन्शन घेऊन गावी आल्यावर त्यांनी देवळामागच्या मोकळ्या जागेत कबड्डीचे मैदान केले. माती चाळून घ्यायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, हे सारे मुलांनी स्वतः करायचे असा नियम होता. वाडीतल्या प्रत्येक मुलाला चढाई करायची असे, कारण टाळ्या चढाईपटूला मिळतात. नाना मात्र आधी सगळ्यांना डाव्या कोपऱ्यावर उभे करीत. “हातांकडे बघू नको, तो हातांनी फसवतो, पाय बघ,” असे सांगून ते स्वतः गुडघ्यावर बसत, चढाई करणाऱ्या मुलाचा पाय मागे वळण्याच्या क्षणी दोन्ही हातांनी घोटा धरीत आणि जमिनीवरून वर उचलत, जमिनीवरचा पाय सुटला की अंगातला जोर सुटतो, हे त्या एका हालचालीत समजे. कोपरा चुकला आणि बाकीचे साखळी धरून मदतीला आले नाहीत, तर ते कोपऱ्यावरच्या मुलाला कधीच बोलत नसत, साखळीला बोलत.

1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्यांनी मैदानावर पेढे वाटले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींचा सराव सुरू केला. कुरकुर झाली, तेव्हा त्यांनी वाद न घालता स्वतःच्या लेकीला पहिल्या दिवशी मैदानात उतरवले.

घराबद्दल ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. ते बोटीवर असताना काकूने भातशेती केली, सासूचे आजारपण काढले आणि दोन मुले वाढवली. मनीऑर्डर पाठवणे म्हणजे संसार करणे नव्हे, असे ते चारचौघांत म्हणत. नोकरीनंतर सकाळचा चहा आणि विहिरीचे पाणी ही कामे त्यांनी शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवली. त्या पिढीतल्या किती पुरुषांनी हे उघडपणे मान्य केले असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

2023 चा नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला, तेव्हा नाना सरावाच्या मुलांना घेऊन तारकर्लीला गेले होते. विमाने डोक्यावरून गेली आणि सगळी किनारपट्टी ओरडली. नाना मात्र समुद्रात उभ्या असलेल्या नौकांकडे बोट दाखवून मुलांना सांगत होते, “आता खाली इंजिनात पोरां घामान भिजली असतली. त्यांकाय टाळ्यो वाजवा.” मुलांनी वाजवल्या, आणि शेजारच्या अनोळखी माणसांनीही वाजवल्या.

आता सराव त्यांची लेक घेते. पावसाने मैदानाची माती वाहून गेली आहे, ती दिवाळीआधी पुन्हा भरायची आहे. सणाला मुंबईहून येणाऱ्या जुन्या खेळाडूंनी दोन दिवस आधी यावे आणि रोलर ओढायला हात लावावा, असे तिने सगळ्यांना कळवले आहे.