ईपानेट आणि आमची गल्ली : नोंद 4

ईपानेट म्हणजे पाईपांच्या जाळ्यातला दाब आणि प्रवाह काढणारं सॉफ्टवेअर; त्यात आमच्या गल्लीची पाण्याची लाईन मांडतोय. मागच्या खेपेला गल्लीचे चढ-उतार मोबाईलच्या जीपीएसवरून घेतले होते, ते सगळे पुसले. एकाच पायरीची उंची सकाळी एक, संध्याकाळी त्याहून सात मीटर जास्त! पाण्याचा दाब पाणी किती मीटर वर चढेल यावर मोजतात, आणि एकमजली घराला लागणारा किमान दाबच सात मीटर, मग अशा आकड्यांवर काय मांडायचं? शेवटी ओळखीच्या गवंड्याचा लेव्हल पाईप (पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं) आणला आणि रविवारी कळंबा रोडलगतची आमची गल्ली मोजली. पोरगं दुसऱ्या टोकाला. पाण्यात बुडबुडा अडकला की रीडिंग गेलंच, म्हणून दर वेळी पाईपला टिचक्या मारायच्या. शेवटच्या घरातल्या काकू बाहेर आल्या, "रस्ता खणताय व्हय? आधी सांगा बाबा, पाणी भरून ठेवते."

आता आकडे. 240 घरं, घरटी पाच माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे दिवसाला 1 लाख 62 हजार लिटर. पुस्तकी पद्धतीनं गर्दीच्या वेळेसाठी सरासरीच्या तिप्पट धरले तर सेकंदाला साडेपाच लिटरच्या आसपास. टाकीकडून येणारा 300 मीटरचा पाईप, आतून 100 मिलिमीटर, सी (पाईपच्या गुळगुळीतपणाचा आकडा) 140. घर्षणात जेमतेम 1.7 मीटर दाब जातो. मी खूश.

पण आमच्याकडं पाणी येतं दोन तास. सगळे नळ एकदम सुटतात, तेवढंच पाणी दोन तासांत ओढायचं म्हणजे सेकंदाला 22.5 लिटर. प्रवाह चौपट, पण हेझन-विल्यम्समध्ये (घर्षण काढायच्या सूत्रात) प्रवाहाचा घात 1.852 असल्यानं घर्षण तेरापट, म्हणजे 22 मीटर! टाकीतलं पाणी शेवटच्या नळापेक्षा 18 मीटरच वर. ईपानेटनं उणे दाबाचा इशारा दिला. मागणी पुरवलीच पाहिजे असं ते धरतं, म्हणून. 2.2 आवृत्तीत दाबानुसार मागणीचा पर्याय आहे, तो लावल्यावर काकूंचा नळ करंगळीएवढा झाला. हे मात्र खरं चित्र. वरच्या घरांच्या टाक्या भरल्याशिवाय काकूंना पाणी नाही, हे गल्लीला ठाऊकच आहे.

तोच पाईप 150 मिलिमीटरचा केला तर घर्षणाचे 22 चे 3 मीटर होतात. मग व्यासांची स्वस्तात स्वस्त जुळणी शोधायला पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. लाईनचे सहा तुकडे, प्रत्येकाला पाच व्यास, 15,625 पर्याय. डोकं न लावता सगळे चालवले, चहा होईस्तोवर काम झालं. पहिल्या नंबरावर आलेल्या पर्यायात मधला आखूड तुकडा बारीक आणि पुढचा परत मोठा! हिशेबात बसतंय, पण प्लंबरला दाखवलं तर तो मलाच नळाखाली धरेल. पुढच्या वेळी खालचा पाईप वरच्यापेक्षा मोठा नको, ही अट घालतो.