कात्रीची चूक

बालीच्या पूर्वेकडील कारांगासेम भागात तेंगानान नावाचे गाव आहे. तिथल्या विणकर स्त्रियांचे कापड परदेशी दुकानांपर्यंत पोहोचवणे हे माझे काम, पण दिवसाचा मोठा भाग कापडापेक्षा तक्ते भरण्यातच जातो.

या गावाचे ग्रिंगसिंग हे कापड गुजरातमधल्या पाटणच्या पटोळ्याच्या जातीचे आहे. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्ही विणण्याआधीच बांधून रंगवतात. सूत केमिरी नावाच्या बियांच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात 42 दिवस मुरते, लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून येतो आणि निळ्यासाठी सूत शेजारच्या बुगबुग गावी पाठवावे लागते, कारण निळीचे काम तेंगानानमध्ये निषिद्ध आहे. पुढे कमरेच्या मागावर बसलेली बाई प्रत्येक आडवा धागा टाकल्यावर टोकदार काडीने ताणा सरकवत नक्षी जुळवते. त्या जुळणीत केसाइतका फरक पडला तरी तिला तो बोचतो. आमच्या तक्त्यात मात्र या साऱ्याला 'श्रमाचे तास' असा एकच रकाना आहे.

ताणा वर्तुळाकार असल्यामुळे मागावरून उतरलेले कापड नळीसारखे सलग असते, मध्ये वीतभर जागा न विणलेली. असे न कापलेले कापड गावात विधींसाठी जपतात. हे मला ठाऊक होते. तरीही ज्या इबूंनी (तिकडे वडीलधाऱ्या बाईंना असेच म्हणतात) दोन कापडे देताना 'हे दुसरे फक्त फोटोसाठी' असे बजावले होते, त्यांचे ते दुसरे कापड मी बालीची राजधानी देनपसार इथल्या खोलीत कापले, कारण कार्यालयाच्या छायाचित्र-नियमात 'दोन्ही टोकांची झालर दिसावी' असे लिहिले होते आणि संध्याकाळपर्यंत फोटो हवे होते. घाईत कोणते कोणते हे पाहायचे राहिले, असे मी स्वतःला सांगत असतो. खरे तर पाहिले होते.

इबूंनी कापड मांडीवर पसरले, सुट्या झालेल्या धाग्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, "कात्री कोणती होती?" मी म्हणालो, कागद कापायची. त्या काहीच बोलल्या नाहीत. भरपाईची रक्कम त्यांनी घेतली, पण मोजली नाही, आणि कार्यालयाने ती माझ्या चुकीच्या नव्हे, 'नमुना खर्चा'च्या खात्यात टाकली.

त्यानंतर त्या जे कापड पाठवतात, ते आधीच कापून, टोकांना गाठी मारून येते.