गाठ दीड सेंटीमीटरची, पण कड फुटलेली

धुळ्यात पॅथॉलॉजी करताना तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाइड इतक्या येतात (तंबाखू, गुटखा, दुसरं काय) की कधीकधी डोळे सवयीनेच बघतात, पण त्या दिवशी एका केसवर मी दुपारपर्यंत अडकून पडले. अमळनेरकडचे एक शेतकरी काका, जिभेच्या कडेची गाठ काढून पाठवलेली, जेमतेम दीड सेंटीमीटर, खोली 4 मिलिमीटर, मार्जिन (गाठीभोवती कापलेल्या निरोगी भागाची सीमा) सगळे मोकळे. आत्ताच्या स्टेजिंगमध्ये 2 सेंटीमीटर आणि 5 मिलिमीटर खोलीच्या आत म्हणजे टी-वन, कागदावर अगदी सुरुवातीचा.

मग खालची कड हाय पॉवरवर घेतली. एका बाजूला पेशी एकमेकींना घट्ट धरून, मधले बारीक पूलसुद्धा दिसतायत, गाठ स्नायूला नुसती रेटतेय. स्लाइड थोडी सरकवली तर तीच गाठ फुटलेली, एकेक, दोन-दोन पेशी स्नायूच्या तंतूंमधून निघालेल्या, न्यूक्लियस लांबट, चिंचोळ्या जागेत दाबून चपटे झालेले. याला आम्ही टयूमर बडिंग म्हणतो, सुट्या किंवा चारपर्यंत पेशींचा पुंजका म्हणजे एक बड. मोजले तर एका फील्डमध्ये पाचाच्या वर, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये पाचच्या वर गेलं की मी सावध होते.

स्लाइडवर काहीच हलत नाही, फॉर्मलिनने सगळं जागच्या जागी थिजवलेलं असतं, पण आकार बघून कोण चालत होतं याचा अंदाज येतो, आणि इथे फिजिक्सवाल्यांचं काम मला फार आवडतं. 2015 मध्ये त्यांनी दाखवलं की चिकटून बसलेल्या पेशींचा थर गर्दी तेवढीच असतानासुद्धा घट्टचा प्रवाही होऊ शकतो, पेशीचा परीघ भागिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ हा आकडा 3.81 च्या वर गेला की. नियमित षटकोनाचा तो 3.72 येतो, म्हणजे पेशी लांबट, वाकडीतिकडी झाली की सुटायला लागते. सारंगखेड्याच्या यात्रेत गच्च गर्दीत माणूस खांदा तिरका करून निसटतो ना, तसंच. अर्थात हा आकडा मॉडेलमधला, एकसंध थरासाठीचा, रिपोर्टमध्ये लिहायचा नाही, आणि सुटून गेलेल्या एकट्या पेशीला तो लागूही नाही. तिची अडचण वेगळी, सगळ्यात कडक भाग म्हणजे न्यूक्लियस, आणि वाटेतली फट त्याच्या आडव्या छेदाच्या दहाव्या भागापेक्षा लहान झाली की एन्झाइमने भोवतालच्या तंतूंचं जाळं कापल्याशिवाय ती पुढे जाऊच शकत नाही. जिभेत मात्र स्नायूच्या तंतूंमध्ये आयत्या वाटा असतात, मला वाटतं जीभ वाईट ती यासाठीच.

सर्जनला फोन केला. ते म्हणाले, मॅडम मार्जिन क्लिअर आहे ना, मग? म्हटलं मार्जिन क्लिअर आहे पण मान करा (म्हणजे मानेतल्या लिम्फच्या गाठी काढा), गाठीची कड चांगली नाही. घरचे तयार नव्हते, त्यांना माझ्याकडेच पाठवलं. काका म्हणाले, "बाई, गाठ तं इतलीशी शे ना, मंग मान कसाले कापनी?" मी त्यांना स्क्रीनवर दोन्ही कडा दाखवल्या, ही जागच्या जागी बसलेली आणि ही निघालेली, आणि सांगितलं की टाटा हॉस्पिटलने 500 पेशंटवर हे तपासलंय, 2015 मध्ये छापून आलं, लवकरच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मान आधीच केली तर तीन वर्षांनी 80 टक्के पेशंट हयात, मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत 67.5. मुलगा बराच वेळ त्या सुट्या पेशींकडे बघत होता, मग त्यानेच वडिलांना अहिराणीत समजावलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

मानेतून काढलेल्या लिम्फच्या गाठींपैकी एकीत कॅन्सरचा 3 मिलिमीटरचा डाग निघाला, कवच शाबूत, बाकी सगळ्या कोऱ्या. बाहेरून हाताला काहीच लागत नव्हतं. आता शेक (रेडिएशन) द्यायचा की नुसतं लक्ष ठेवायचं ते टयूमर बोर्ड, म्हणजे सगळ्या डॉक्टरांची बैठक, ठरवेल, मी रिपोर्टमध्ये बड्सचा आकडा, कोणत्या बाजूला दिसले ते आणि फोटो, सगळं घालून दिलंय.